आप्पा चिडले

देवळाली कॅम्प,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षाली,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आप्पांची तब्येत तशीच, उजवा हातही तसाच. दिवाळीचा चिवडा तुझ्यासाठी डब्यात ठेवला होता, तो मीच संपवला. फोन केला नाही, कारण फोनवर मी आधी ओरडते आणि तू आधी ठेवतेस. समोरच्या मिलिटरी टेलरचा समाधान उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती पत्र देते.

तुला आवरायला सांगितलं कोणी? नोकरी लागली, दसरा झाल्यावर निघालीस, ठीक. पण जाता जाता दुकानाच्या सगळ्या डिझाइनच्या फायली आवरून जायचा शहाणपणा कशाला? त्या दिवशी घरात जे घडलं असेल ते नाव मी फाइलला देते. ‘लाईट गेले’ म्हणजे बेकरीची पिशवी. ‘दूध उतू’ म्हणजे पवारांची लग्नपत्रिका. हसायचं तर हस, पण मला सगळं झटकन सापडायचं. आता जिथं बघावं तिथं तारखा, नंबर आणि ‘अंतिम’. गिऱ्हाईक टेबलाला टेकून उभं, आणि मी आपल्याच दुकानात आंधळी कोशिंबीर खेळतेय!

आणि ‘आप्पा चिडले’?

दोन वर्षं रविवारी स्कूटरवर शिडी आडवी धरून बाजारभर हिंडलो आपण. कोपऱ्यात आप्पांची ‘बहिरू पेंटर’ ही सही असलेली एकेक पाटी शोधली, बटरपेपर लावून अक्षरं गिरवली, मग कॉम्प्युटरवर घेतली. त्यातल्या निम्म्या पाट्या आज उतरल्यात, तिथं फ्लेक्स लागलेत. पहिल्याच दिवशी आप्पा ओरडले होते, “पोरींनो, हा ‘क’ हाय का भोपळा हाय? आधी रेघ मारा. रेघ नीट आली का अक्षर तिला आपोआप लोंबतं.” म्हणून त्या अक्षरांच्या फाइलला ते नाव. हात गेल्यापासून रोज दुपारी ते माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि डाव्या बोटानं स्क्रीनवर दाखवायचे, इथं जाड कर, इथं दाब. त्यांच्या दिवसात तेवढंच एक काम उरलं होतं. ती फाइल आता दुकानात नाही.

कशी नाही, ते लिहायला हवं. चोराच्या उलट्या बोंबा पुरे झाल्या.

नरकचतुर्दशीला सकाळी, ओल्या केसांनी, एका गिऱ्हाइकाची पत्रिका शोधायला बसले. तुझं ते नवं नीटनेटकं फोल्डर पाहिलं आणि डोक्यात तिडीक गेली. वाटलं, या नुसत्या नकला आहेत, माझ्या फायली खाली जागच्या जागी असतील. अख्खं फोल्डर काढून टाकलं. भाऊबीजेला आप्पांना बसवलं, तेव्हा कळलं की त्या नकला नव्हत्या. तू गमावलं काहीच नव्हतंस, फक्त नावं बदलली होतीस. गमावलं मी.

टाकलेलं तीस दिवस कचऱ्यात राहतं. टाकायला कुणीही चालतं, परत काढायला खात्याचा मालकच लागतो. दुकानाच्या फायली ज्या ऑनलाइन खात्यात आहेत, ते तुझ्या नावावर आहे. एकोणीस तारखेला तीस दिवस भरतात. इतके दिवस तुझ्यावर चिडून काढले, कारण तुला सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं.

आप्पांना म्हणते, नेट बंद आहे. काल म्हणाले, “उज्वला, तीन आठवडे नेट बंद? कॅम्पात लढाई लागली काय?” मी चहा करायच्या निमित्तानं उठले.

राग अजून गेलेला नाही, हेही सांगून ठेवते. फायलींचा होता तो निवला. तू मला इथं एकटीला त्यांच्या हातापाशी ठेवून गेलीस, त्याचा आहे. तो पुण्याहून एक बटण दाबून जाणार नाही. तरी बटण दाब.

पत्र कुणाला, म्हणून आत्ता आप्पांनी विचारलं. तुझं नाव सांगितल्यावर पेन मागितला. खाली दिसते ती रेघ त्यांची, डाव्या हाताची. नेहमीसारखी आधी रेघ मारली. मग बराच वेळ पेन तसाच धरून बसले, आणि माझ्याकडे परत दिला.

तिच्याखाली मी काही लिहीत नाही. माझं नाव वरच घालते.

तुझी ताई,
उज्वला

____________________