साहेब मत विचारतात

२ मार्च, सेंतेश
बोलून बसले! कारखान्याचे नवे डच साहेब वाउटर — 'साहेब' म्हणू नका म्हणतात — यांनी मीटिंगमध्ये विचारलं, पंपांची आठवडाभराची चाचणी गाळली तर चालेल का? कोणाची हरकत? सगळे चिडीचूप. आपल्या हंगेरीत साहेब असं विचारतो तेव्हा निर्णय झालेला असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, चालणार नाही, पंप गळतील. ते इतके खूश झाले! चाचणी कायम राहिली. वर सगळ्यांना सांगितलं, या एमॉकेसारखं बोलत जा. तिथेच माझं वाटोळं झालं.

३ मार्च
पॅकिंगची पिरोश्का कॉफीला आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

६ मार्च
महिला दिन रविवारी, म्हणून पुरुषांनी फुलं आजच वाटली. दरवर्षी हातात देतात, गालाचा मुका घेतात. माझं नुसतं टेबलावर ठेवलेलं होतं. कुणी ठेवलं, तेही दिसलं नाही.

११ मार्च
शेवटी पिरोश्काला जिन्यात गाठलं.
"अगं, सांगायचंच होतं तर साहेबांच्या खोलीत जाऊन, दार लावून सांगायचंस. चारचौघांत तू शहाणी झालीस, आम्ही सगळे नंदीबैल ठरलो."
वाउटरना सांगून पाहिलं की माझ्याशी कुणी बोलत नाही. सँडविच खाता खाता म्हणाले, पण तुमचं बरोबर होतं ना? मग? भला माणूस आहे, त्याला काय समजावणार! खरं बोल आणि डोकं फोडून घे, असं आमची म्हातारी माणसं उगाच नाही म्हणत.

२३ मार्च
कॅलेंडरात आज माझं नाव, म्हणजे माझा नामदिन; आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच. पहाटे उठून चीज घातलेले पोगाचा, आपले छोटे खारे पाव, भाजून नेले. एरवी जेवायच्या आत ताट साफ होतं, गळ्यात पडायला रांग लागते. आज एकट्या वाउटरनी खाल्ले, कशाबद्दल ते न विचारता. बाकीचे घरी आणले. रडले खूप. पुरे झालं आता. यापुढे साहेब म्हणतील ती पूर्व दिशा. मला माझी माणसं परत हवीत.

२६ मार्च
वाउटरनी विचारलं, दुसऱ्या पाळीला रात्री गावोगावी सोडणारी गाडी बंद केली तर चालेल का? कोणाची हरकत? सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी चटकन म्हणाले, "हरकत नाही, साहेब."
पिरोश्का त्याच गाडीने एपरयेशला घरी जाते. रात्री दुसरं काही मिळत नाही तिकडे. तिने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला होता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. मग तिने तो सोडला.