तुमच्या तब्येतीच्या आड कोण येतं?

४ मार्च

पोचले एकदाची. धाकटी मला घ्यायला बसथांब्यावर आली होती. एका पायात बूट, दुसऱ्या पायात चप्पल, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू बाईसाहेब लग्नाला निघाल्या आहेत. मी सामान खाली ठेवायच्या आधीच तिला रागावून घेतलं. जो पाय जमिनीवर टेकू नको असं डॉक्टरांनी बजावलंय, त्या पायावर कोपऱ्यापर्यंत चालत यायचं? ती म्हणाली, "ताई, तू आलीस, आता माझी शुगर तुला घाबरूनच उतरेल."

घर छोटं पण छान आहे. मला उन्हाची खोली दिली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक आणि रस्ता दिसतो. संध्याकाळपर्यंत मी सगळी कपाटं लावली. चपलांच्या खणात बिस्किटांचे पुडे सापडले, उशीच्या अभ्र्यात चॉकलेटं. सगळं कचऱ्यात. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, नजर निवृत्त झालेली नाही.

तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम पाहिली. नाण्याएवढी, खोल, न भरणारी. इस्पितळातल्या सर्जनने सांगून ठेवलंय की जखम चिघळली तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल. मी ते होऊ देणार नाही. तेवढ्याच कामासाठी मी इथे आले आहे.

९ मार्च

आल्या आल्या मला नोकरी लागली. पगार म्हणून चहा, तोही दवाखान्यातला, म्हणजे कोमट.

कोपऱ्यावर दवाखाना आहे. तिथले तरुण डॉक्टर संशोधन करत आहेत. त्यांचं म्हणणं असं, की शुगर, बीपी, दमा असली आयुष्यभराची दुखणी असलेल्या माणसाला सगळीकडे पाच मिनिटांत गोळ्या लिहून वाटेला लावतात. तो घरी जाऊन काय करतो, ते कोणी बघत नाही. म्हणून त्यांनी रुग्णांचे दोन भाग केले आहेत. अर्ध्यांना नेहमीसारखे उपचार. उरलेल्यांना तेच उपचार, शिवाय दर बुधवारी गोल करून बसायचं, अडचणी बोलायच्या आणि एकमेकांना मदत करायची. सहा महिन्यांनी कोणाची तब्येत जास्त सुधारली ते बघायचं.

गोल चालवायला डॉक्टर नको, नर्सही नको, कारण त्यांच्याशी लोक खोटं बोलतात. मी रांगेत घुसणाऱ्या एका गृहस्थाला त्याची जागा दाखवत होते, ते डॉक्टरांनी ऐकलं आणि तिथल्या तिथे मला विचारलं. धाकटीचं नाव गोलात आहेच. मी हो म्हटलं.

१३ मार्च

पहिला गोल. दहा-बारा माणसं, बहुतेक माझ्याच वयाची. तिघे लक्षात राहिले. निवृत्त पोस्टमास्तर दम्याचा पंप खिशाला पेनासारखा लावून येतात. शिंपीणबाईंचं बीपी कायम चढलेलं, त्या टाचण्या ओठांत धरूनच बोलतात. आणि पहिलवान, म्हणजे इतका किडकिडीत माणूस की पट्टा कमरेला दोन वेढे घेईल. त्याला शुगर.

डॉक्टरांनी दिलेला प्रश्न होता, तब्येत सुधारण्याच्या आड काय येतं? उत्तरं आली: आळस, हवा, वय, नशीब. मला असला मोघमपणा खपत नाही. वर्गात काच फुटली की मी 'काय झालं' असं कधी विचारलं नाही, कोणी फोडली तेच विचारलं. मी डॉक्टरांचा कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, कोण आड येतं? माणूस सांगा.

मग तोंडं उघडली. पोस्टमास्तर म्हणाले, शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर येतो म्हणून फिरणं बंद आहे. पहिलवानाला समोरचा बेकरीवाला रोज हाक मारून क्रीमरोल हातात कोंबतो. शिंपीणबाईंचा जावई पिऊन येतो आणि दारावर थापा मारत बसतो. धाकटी तेवढी म्हणाली, कोणी नाही. मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं की तुझा हा गुळचटपणाच तुझा पाय खाणार आहे.

आता आपण या तिघांसाठी काय करू शकतो, असंही मी विचारलं.  रोज सकाळी काठ्या घेऊन एकत्र फिरायला जायचं ठरलं. डॉक्टर खूश. मीही.

२० मार्च

दवाखान्यात जाताना गटाराशी गर्दी दिसली. पोस्टमास्तरांच्या शेजाऱ्याचा तो कुत्रा. कवटीचा चुरा झाला होता, एक डोळा गालावर लोंबत होता. मला वाटलं, गाडीखाली आला असेल.

गोलात पोस्टमास्तरांनी सांगितलं की आता ते नाक्यापर्यंत फिरून येतात आणि पंप लागत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

घरी परतताना पुन्हा त्याच रस्त्याने आले. सफाईवाला त्याला उचलत होता. कुत्र्याचे पुढचे पाय सुतळीने बांधलेले होते. गाडी पाय बांधत नाही.

३ एप्रिल

सकाळी पाव आणायला गेले. बेकरीवाल्याची बायको गल्ल्यावर होती, डोळे सुजलेले. फिरायला जाणारी मंडळी आली होती म्हणे. चांगली, वयस्कर माणसं. दार उघडायच्या आधी बूटसुद्धा पुसले. मग चौघांनी नवऱ्याला धरलं आणि त्याचे दोन्ही पंजे भट्टीच्या तापलेल्या पत्र्यावर दाबून ठेवले. हात ओढून काढले तेव्हा कातडी पत्र्यालाच राहिली. तो आता नावं सांगायला तयार नाही. इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडलाय.

गोलात पहिलवानाची शुगर सांगितली गेली. इतकी चांगली की नर्सबाईंनी दोनदा तपासली. त्याच्या बाहीला मैदा लागलेला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो निरागसपणे म्हणाला, "बाई, तुम्हीच तर नाव विचारलंत."

धाकटीने आजही सांगितलं, कोणी नाही. या वेळी मी तिला काही बोलले नाही.

४ एप्रिल

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मग संगणकावर आलेख दाखवला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची रेघ सपाट, आमच्या गोलाची शुगर आणि बीपी सरसर उतरलेलं. म्हणाले, गुडघे धरून जिने चढणारी माणसं असलं काही करतील का? आणि आता गोल थांबवला तर सगळी मेहनत पाण्यात.

पोलीस चौकीत गेले. हवालदार पोट धरून हसला. दम्याचे पेशंट आणि मारहाण? मग जरा गंभीर होऊन विचारलं, त्याला फार दिवसांची ॲसिडिटी आहे, गोलात जागा मिळेल का?

१० एप्रिल

मी प्रश्न विचारायला नकार दिला. काही फरक पडला नाही. त्यांनी तो एकमेकांना विचारला.

शिंपीणबाईंच्या तोंडात आज टाचण्या नव्हत्या. पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले. त्यांचा जावई काल जिन्यात सापडला. गुडघे उलट्या बाजूला वाकवलेले. ज्या हाताने तो दार ठोठावायचा, त्याची बोटं कापड कापायच्या मोठ्या कात्रीने कापून एका पायरीवर ओळीने मांडलेली. तो दुपारपर्यंत जिवंत होता. मुलीला फार रडू दिलं नाही, रडण्याने बीपी वाढतं, असं बाई म्हणाल्या. त्यांचं बीपी आता शाळकरी मुलीसारखं आहे.

मग सगळे धाकटीकडे वळले. गोलात ती एकटीच सुधारत नाही. पोस्टमास्तरांनी किती मायेने विचारलं तिला. शिंपीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.

कोणी नाही, धाकटी म्हणाली.

तेव्हा त्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तिला ओढतच घरी आणलं.

१४ एप्रिल

जखमेची कड काळी पडली आहे. इस्पितळात फोन केला. ते म्हणतात, संशोधनातला रुग्ण आहे, आधी दवाखान्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. डॉक्टर म्हणतात, बुधवारी बघू.

मी तिला म्हटलं, हे गाव सोडू. ती म्हणाली, थांब्यापर्यंत तरी चालता येईल का मला? आणि फाटकाबाहेर गोलातले लोक असतातच. ते तिच्यासाठी गोळ्या आणतात, मी उठायच्या आत तिचं ड्रेसिंगही करून जातात. तिच्याशी हळू आवाजात बोलतात. मला इतक्या हळू बोलता येत नाही.

दुपारी गादीखाली केकचा तुकडा सापडला. माझा तोल गेला. मी बशी भिंतीवर आपटली, तिला नाही नाही ते बोलले. मेलीस तर सुटेन, असंही म्हटलं. खिडकीत शिंपीणबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

१७ एप्रिल



डॉक्टरांना शेवटी पटलं. गोलासमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, संशोधन आजपासून बंद. पोस्टमास्तरांनी वर्गातल्या हुशार मुलासारखा हात वर केला आणि विचारलं, मग आता आमच्या तब्येतीच्या आड कोण येतंय?

काठ्या. गादी झोडपल्यासारखा आवाज, मग ओला आवाज. चष्म्याची काच डोळ्यात गेली तेव्हा डॉक्टर आईला हाक मारत होते. नर्सबाईंनी आतून कडी घातली. मी ओरडत होते, कोणाचे तरी हात ओढत होते. मला त्यांनी अलगद बाजूला केलं. कोणालाही धाप लागली नव्हती. गालांवर लाली. पोस्टमास्तरांचा हात पंपाकडे गेलासुद्धा नाही.

धाकटी खुर्चीत बसून होती, पाय स्टुलावर. तिने मान वळवली नाही.

चिठ्ठी देणारं आता कोणी नाही.

१८ एप्रिल

फाटकाशी हवालदार. मी धावत गेले. त्याच्या पायात नवे स्पोर्ट्स शूज. हातात गोलातल्यांसारखी फिरायची काठी.

पोस्टमास्तर अदबीने म्हणाले, बाई, तुम्हाला जायचं तर जा. तुमचं नाव अजून कोणी घेतलेलं नाही. बस दुपारची आहे.

बॅग भरली. मग जखमेचा वास आला. बॅग रिकामी केली. तिला उचलून नेण्याइतकं बळ माझ्यात नाही, आणि तिला सोडून —

नाही.

१९ एप्रिल

आता बुधवारची वाट बघत नाहीत. खुर्चीसकट तिला उचलून नेलं. मी फाटकाला धरून उभी.

परत आली. चेहरा धुतलेला. काय सांगितलंस, मी विचारलं. काही नाही गं, ताई.

न सांगता जेवली. गोळी स्वतः घेतली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी मी तिच्या फिरवायचे तसा —

२० एप्रिल

सकाळी पट्टी सोडली. कड गुलाबी आहे. काळं गळून पडलंय. इतके महिने न हललेली जखम एका रात्रीत — मी रडले. पाय वाचणार. मी तिचे पाय धरून हसत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग समजलं.

मी रागावले नाही. ती म्हणाली, मी कितीदा नाही म्हटलं, ताई. पण पाय जाणार म्हणाले. मला पाय हवाय गं.

हो, म्हटलं. हवाच.

२१ एप्रिल

उजाडलं. फाटक वाजलं. काठ्या टेकल्याचे आवाज, खूप. कोणीतरी पायपुसण्यावर बूट पुसतंय —

खिडकीला गज आहेत. मागच्या दाराशी हवालदार.

धाकटी उठली. दार उघडायला ती स्वतः निघाली आहे — ऐकू येतंय, दोन्ही पावलं सारखी पडतायत. लंगडत नाही. देवा, जरासुद्धा लंगडत —

तिला ओरडून सांगायला हवं, चवड्यावर इतका भार टाकू नको, जखम अजून ओली आ