आठ पिशव्या आणि जावयाचं इंजिन

हौगांग, सिंगापूर
बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस

आदरणीय दादास,

तुझ्या सरलाचा जयभीम. मी धडधाकट आहे, तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीला म्हणावं, गरम वाळूनं शेक, मलमं नुसती विकायलाच असतात. पत्र कशाला लिहिलं म्हणशील, तर फोनवर बोलायला लागले की आमची प्रियदर्शिनी स्वयंपाकघरातून कान देते, आणि ही गोष्ट पोरीच्या कानावर जायची नाही. मी चौथी शिकलेली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

मागच्या आठवड्यात मी तुला म्हणाले होते, मागची खोली झाडून ठेव, मी परभणीला कायमची येते. कारण सांगितलं नव्हतं, आता सांगते. जावयाचा मित्र सुबोध आला होता. आपला उज्ज्वल त्याला खाली नेऊन गाडीचं बॉनेट उघडून दाखवत होता. (इथे गाडी घ्यायची तर आधी सरकारचा परवाना घ्यावा लागतो, तो कधी कधी गाडीहून महाग. म्हणून लोक गाडीला पोटच्या पोरासारखं जपतात, पण वरवरून.) मी आत डोकावले आणि बोलून गेले, "जावईबापू, वरून नवरदेव आणि आतून भंगार." खोटं नव्हतं. तेलाची पुटं, धूळ, सुकलेली पानं, पालीचं एक शेपूट. सुबोध खो खो हसला, उज्ज्वल हसला नाही. तेव्हापासून आठ दिवस "आई, जेवलात का" एवढंच बोलणं. मला भांडणारा माणूस चालतो, हा जेवलात-का वाला सोसत नाही. त्याच्याच घरात, त्याच्याच ताटात जेवून त्याचं गप्प तोंड किती दिवस बघायचं?

माफी मागायची मला सवय नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ठरवलं, त्याचं इंजिन पुसून लख्ख करून द्यायचं. इंजिन कसं पुसायचं ते तुला फोनवर विचारलं तेव्हा "शेजारणीला पाहिजे" म्हणाले, ते खोटं होतं. पण तू एसटी डेपोत तीस वर्षं घासली आहेस, तेव्हा तू सांगितलंस तसंच्या तसं केलं. पौर्णिमेच्या सकाळी सगळे झोपलेले असताना खाली गेले. गाडी रात्रभर उभी, इंजिन गारढोण. बॅटरीची काळी तार दहा नंबरच्या पान्यानं सोडवली (लहानपणी तुझ्या हातात पाने देत बसायचे, ते वाया गेलं नाही). पाणी जायला नको त्या सगळ्या जागांवर पिशव्या बांधल्या. पाइप लावला नाही, भसाभस पाणी ओतलं नाही, फवाऱ्याच्या बाटलीत साबणपाणी, जुना टूथब्रश आणि फडकी. बाजूला एक चिनी म्हातारा आपली गाडी पुसत होता, तो म्हणाला, "आंटी, वर्कशॉप बेटर लाह." मी मराठीत म्हणाले, बाबा, तू तुझी काच पूस. दोघांचं एकमेकांना बरोबर कळलं.

आता पिशव्यांचं. तुला माहीत आहे, आपल्या घरात पिशवी टाकत नाहीत. सिंकखाली एक मोठी पिशवी, तिच्यात पिशव्या, त्या पिशव्यांत आणखी पिशव्या. त्यातल्या आठ मोजून बांधल्या. काम झाल्यावर कोरड्या फडक्यानं सगळं टिपलं, पिशव्या सोडल्या, आणि मोजल्या तर बरोबर आठ. काळी तार परत आवळली आणि वर जाऊन शहाण्यासारखी खिरीचा तांदूळ धुवायला बसले. (बांधताना एका पिशवीच्या पोटात दुसरी राहिली होती, सोडताना ती हातात सुटली आणि मी तिलाही मोजलं. म्हणजे एक अजून गाडीत होती. हिशेब बरोबर आणि बाई चूक.)

खीर साठ माणसांची. जुरोंग ईस्टला हॉलमध्ये अकराला वंदना, मग खीर. दहा वाजता पातेलं गाडीत ठेवलं, मी मागे बसून झाकण दाबून धरलं. उज्ज्वलनं गाडी चालू केली. ती दम्याच्या माणसासारखी दोनदा धापली आणि मेली. परत केली, परत मेली. तिसऱ्यांदा प्रियदर्शिनी म्हणाली, "काल तर चांगली होती." दादा, मी गरम पातेल्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं. जावयाची गाडी मारली, साठ माणसांची खीर बुडवली, आता परभणीला कुठल्या तोंडानं जायचं तेही कळेना. पण मी काही घाबरणारी नाही. खाली उतरले, बॉनेट उघडलं, हवा आत ओढणाऱ्या काळ्या नळकांड्याला काळीच पिशवी चिकटली होती, ती ओढून काढली. गाडी पहिल्या झटक्यात चालू. अकराला पाच कमी असताना पोचलो. खीर पुरली, वर दोन वाट्या उरली. रात्री इतकी गाढ झोपले की घोरते म्हणून पोरीनं दार लावून घेतलं.

वहिनीला जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
सरला

ता. क. वर लिहिलंय तशी मी उतरलेच नाही. पातेलं धरून तोंड मिटून बसले होते. उज्ज्वलच उतरला. गाडीतलं घड्याळ बारापासून नव्यानं सुरू झालेलं बघूनच त्याला कळलं होतं की कुणीतरी बॅटरीची तार सोडली. पिशवी त्यानं काढली, घडी करून खिशात घातली आणि बायकोला म्हणाला, "काही नाही, तार ढिली होती." हॉलवर पातेलं उतरवताना मला एकटीला म्हणाला, "आई, आता आतूनही नवरदेव झाली. फक्त तोंडावरचा शेला काढायचा राहिला होता." आठ दिवसांत पहिल्यांदा जेवलात का विचारलं नाही.

ता. क. २ : खोली झाडली असशील तर वहिनीला तिथे मिरच्या वाळत घालू दे. आणि झाडली नसशील, तर तुला ओळखून आहे, राहू दे तशीच.