दुसरी धुलाई

प्रिय बारक्या,

कालपासून तू फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद. चार गल्ल्या पलीकडच्या भावाला पत्र लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. एका परीने बरंच झालं. फोनवर तू नुसतं 'ताई' म्हणालास की मी मुद्दा सोडून तुझ्या जेवणाचं विचारू लागते, हे तुला पक्कं ठाऊक आहे.

सोमवारी तुझ्या कारखान्यातून सहा डबे आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला आले. ताप उतरवायच्या गोळ्यांची पूड, पांढरीशुभ्र. डब्यावर तुझी सही पाहून मला भारी वाटलं. तेव्हाच साहेबांना सांगायला हवं होतं, की हा माझा भाऊ, याचा माल दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. नाही सांगितलं. म्हटलं, बारक्याचा माल, त्यात काय निघणार? बारीक काचनळीत चिमूटभर भरली आणि तापवायला ठेवली. शुद्ध पूड एकशे एकोणसत्तर अंशांच्या आसपास झटकन वितळते. तुझी एकशे एकसष्टलाच ओलसर दिसू लागली आणि रेंगाळत एकशे सहासष्टपर्यंत वितळत राहिली, म्हणजे तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं.

मग मी काय काय केलं ते ऐक. दमट हवेने ओल धरली असेल म्हणून ती दिवसभर सुकवली. तरी तेच. मग थर्मामीटरवर संशय घेतला, तर तो बिचारा खरं बोलत होता. नाचता येईना अंगण वाकडं, अशी माझी गत. शेवटी तीच पूड बाटलीत भरून, वर नाव न घालता नुसता आकडा टाकून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिली. त्यांनीही तेच आकडे लिहून आणले.

काल साहेबांना सगळं सांगितलं, नात्यासकट. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. पुढची तपासणी बाईंनी केली, मी लांबून पाहिली. एका पट्टीवर तीन थेंब: शुद्ध पुडीचा, तुझ्या पुडीचा आणि ती ज्या कच्च्या मालापासून बनते त्याचा. द्रव वर चढला, पट्टी दिव्याखाली धरली. शुद्ध पुडीचा एकच ठिपका. तुझे दोन, आणि त्यातला एक अगदी कच्च्या मालाच्या रेषेत. हातच्या काकणाला आरसा कशाला? तो कच्चा माल पोटात गेला तर मूत्रपिंडाचं काय होतं, ते मी तुला शिकवायला नको.

तेव्हा आठवलं. गेल्या महिन्यात तू सांगितलं होतंस, की उरलासुरला कच्चा माल धुऊन काढणारी दुसरी धुलाई बंद केली, एकदा धुतला तरी माल पांढराच दिसतो, दिवस वाचतो. मी भाजी चिरता चिरता 'शाब्बास' म्हणाले. नीट ऐकलंच नव्हतं रे. तुझा राग येतोच आहे, पण त्याहून जास्त माझा येतो. लहानपणी तू स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर टाकून, ती पिवळी झाली की सांगायचास, हे मीठ आहे, साखर नाही. चव न घेता ओळखायचं वेड मी तुझ्याकडूनच उचललं. आणि आता तूच नुसता रंग बघून माल पास करतोस?

अहवालावर 'नापास' लिहून झालं आहे. आईला मध्ये घातलंस तरी तो बदलणार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. आमचे सहा डबे कुलपात आहेत, त्यांनी कुणाचं काही बिघडणार नाही. त्यांच्यावर 'दहापैकी एक', 'दहापैकी दोन' असं सहापर्यंत लिहिलंय. उरलेले चार कुठे गेले, हे फक्त तुला माहीत आहे. पत्र घेऊन आलेले दाजी उत्तर मिळेपर्यंत दारातून हलणार नाहीत. याच कागदाच्या मागे पत्ता लिही आणि लगेच तिथे फोन करून सांग, की त्या पुडीच्या गोळ्या करू नका. तासाभरात कागद परत आला नाही, तर साहेबांबरोबर मी औषध निरीक्षकांकडे जाईन आणि तुझं नाव माझ्याच तोंडाने सांगेन. मला ते करावं लागलं तर करेन, बारक्या. पण ते चार डबे तू स्वतः परत मागवलेले मला हवे आहेत.

तुझीच,
ताई