मनिषाच्या वजनातून गेलेले दोन किलो

प्रति,
मा. निवड अधिकारी,
मुलींचे जिल्हा सायकल शिबिर, बीड.

अर्जदार: तानाजी बंकट गर्जे, मापाडी, रा. आष्टी, जि. बीड.

विषय: माझी मुलगी मनिषा हिचे वजन माझ्या हातून दोन किलो कमी लिहिले गेल्याने तिची निवड थांबवून फेरचाचणी घेणेबाबत.

संदर्भ: १) आपली निवड यादी, दि. २ डिसेंबर. २) मनिषाचे तोंडी फर्मान, दि. ५ डिसेंबर.

महोदय,

१. मी एकोणीस वर्षांपासून मोंढ्यातील एका आडतीवर मापाडी आहे. पोते काट्यावर चढले की वजन वाचून मोठ्याने पुकारायचे, एवढेच माझे काम. पुकारताना बारदान, माती, ओल यांच्या नावाने किलो-दोन किलो कमी सांगण्याची जुनी रीत होती, तिला कडता म्हणतात. ती शासनाने बंद केली हे मला ठाऊक आहे. माझ्या जिभेला अजून नीट ठाऊक झालेले नाही, असे दिसते.

२. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असल्याने आपण चाचणी सभागृहात घेतली. सायकलचे मागचे चाक यंत्रात अडकवले, समोर पडद्यावर कुठल्याशा परदेशी घाटाचे चित्र लावले आणि मुलींना वीस मिनिटे तो घाट चढायला लावला. मी स्वतः हजर होतो. घाटात ना टपरी, ना वळणावर म्हसोबा. सायकल तर तसूभर हलली नाही, हे मी दोनदा वाकून पाहिले. मात्र पोरीच्या घामाने खालची सतरंजी भिजली, म्हणून घाट खरा धरायला माझी हरकत नाही.

३. त्या वीस मिनिटांत मनिषाचा सरासरी जोर २१४ वॅट भरला. त्यातून आपण पाच टक्के वजा केले, उरले २०३. एवढा जोर ती तासभर टिकवील, असा आपला अंदाज. त्याला वजनाने भागायचे आणि किलोमागे ३.६ वॅट आले तर निवड. वजनाची पावती ज्याने त्याने आणायची होती. मनिषाची मी आमच्या आडतीच्या काट्यावरून दिली, ५६ किलो. उत्तर आले ३.६२ आणि पोरगी यादीत लागली. मी आडतीवर पेढे वाटले. सबब त्या पेढ्यांबद्दलही मी दिलगीर आहे.

४. दि. ५ रोजी जेवताना मनिषाने विचारले, "आबा, मी खरंच छप्पन हाय का?" काट्यावर अठ्ठावन्न दिसले होते आणि मी सवयीने छप्पन पुकारले होते, हे मला तेव्हा आठवले. खोटे बोललो असतो तर विषय मिटला असता. पण सांगून टाकले. त्यावर ती म्हणाली, "मी काय सोयाबीनचं पोतं हाय का?" महोदय, एकोणीस वर्षांत एवढा बिनतोड सवाल मला एकाही शेतकऱ्याने केलेला नाही. खरे वजन आपणास लेखी कळवावे, हे फर्मान त्या पाठोपाठचे.

अठ्ठावन्नने भागले तर ३.५ येतात, म्हणजे ती नापास. उलट तलवाड्याच्या प्रियदर्शनीने दवाखान्यातून पुरत्या वजनाची पावती आणली, ती ३.५७ वर राहिली आणि रडत एसटीत बसली. ती खरे वजन घेऊन घरी गेली आणि माझी पोरगी माझा कडता घेऊन शिबिरात निघाली. याची मला लाज वाटते.

५. आता लहान तोंडी मोठा घास घेतो. आपण जे पाच टक्के वजा करता, तो कडता नव्हे तर काय? वीस मिनिटांचा जोर तासभर टिकत नाही, असे आपले साहेब म्हणाले. माल वाळला की घटतो, असे आमचे आडतेही म्हणत. माझा कडता बेकायदा असेल तर आपलाही काढावा, दोघी पास होतात. हे कलम लिहून मी स्वतःवर फार खूश होतो.

६. मनिषाने मात्र ते खोडायला लावले. मी खोडलेले नाही, पण तिचे म्हणणे जोडतो: "घटतंय का न्हाई ते आधी बघा की. तासभर चालवू द्या, मग काय भरंल ते भरंल." हे तिने प्रियदर्शनीला फोनवर सांगितले. परवा ती पोरगी बीडला गाडी बदलून आमच्याकडे मुक्कामाला आली. आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही, जेवताना बोलली.

तरी विनंती की मनिषाचे नाव तूर्त यादीतून काढावे आणि दोघींना पुरता एक तास, पुरत्या वजनानिशी द्यावा. जी भरेल ती जाईल. मनिषा राहिली तर मला लई वाईट वाटेल, हे लपवत नाही. पण तिने पुन्हा माझ्याकडे बघून नीट बोलावे, ही माझी गरज शिबिरापेक्षा मोठी आहे.

आपला नम्र, व या प्रकरणी एकमेव दोषी,
तानाजी बंकट गर्जे
आष्टी, दि. १४ डिसेंबर २०२४

सोबत:
१) जुनी पावती, ५६ किलो. रद्द समजावी.
२) दोघींच्या नव्या पावत्या, एकाच काट्यावरच्या. मनिषा ५८, प्रियदर्शनी ५४. वजन दोघींनी एकमेकींचे वाचले. मला काट्यापासून चार हात लांब उभे केले होते.