फिट आली

ता. ३ मार्च

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

पाणी भरून झालं होतं, कपडे वाळत टाकले होते, आणि मी शिलाई मशीनला तेल घालत होते, तेवढ्यात माझी भाची आली. तुमच्या डेपोत बस चालवायला मिळणार म्हणून स्वारी हवेत. पण माझ्यासमोरच फिट आली. हात वर उचलेना, उजवा तर नाहीच. घाबरू नका, दोन दिवसांत ठीक करते. तिच्या आईला मात्र कळवू नका, पोरीचं जेवण तोडेल.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू द्या.

तुमची वहिनी

ता. ५ मार्च

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. फिट येते आणि लपवायचं? बसमध्ये चाळीस माणसं असतात. तिचा नेमणुकीचा कागद मी अडवून ठेवलाय. शुक्रवारी साहेबांना सांगावंच लागेल. आणि तुम्ही ठीक करणार म्हणजे कशानं, सुईदोऱ्यानं?

रागावलात तरी दार उघडं ठेवा.

तुमचा धाकटा दीर

ता. ६ मार्च

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

हो, सुईदोऱ्यानंच! अहो, गणवेशाची बाही फिट आली, पोरीला नाही. गणवेशाचं लिहायचंच राहिलं, चूक माझी. शिंप्याकडे फिट म्हणजे घट्ट. तुमचे दादा फिटर, त्यांचं फिट म्हणजे नळात नळ असा बसला की थेंब गळायचा नाही. गल्लीतली पोरं साहेबाला ‘फिट करतात’, म्हणजे वशिला लावतात. दादांचा जुना इंग्रजी शब्दकोश काढला, तर पूर्वी इंग्रजीत गाण्याच्या तुकड्यालाही फिट म्हणायचे म्हणे. आणि आपल्याकडे गाठ फिटली म्हणजे सुटली! इंग्रजीत आवळायचं, मराठीत सोडायचं. हे वाचून दादांना सांगायला मागे वळले. ते जाऊन चार वर्षं झाली, वळायची सवय जात नाही.

पण चाळीस माणसांचं तुमचं म्हणणं खरं. माझ्या शब्दावर कागद सोडू नका. उद्या डॉक्टरांचा दाखला घेते.

थट्टेचा राग नसावा, असला तर जेवायला येऊन काढा.

तुमची वहिनी

ता. क. पत्र टाकायचं थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी शिलाईचं दुकान बंद ठेवलं आणि भाचीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून दाखल्यावर एकच शब्द लिहिला, ‘फिट’. मी तो खोडायला लावला आणि ‘प्रकृती उत्तम, झटके कधीही आलेले नाहीत’ असं लिहून घेतलं.