डावा पाय, उजवा गुडघा

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (तूर्त तो मनातल्या मनात घालतो आहे. का, ते पुढे येईलच.) तुझे दोन्ही नवे गुडघे कसे आहेत? ऑपरेशनला वर्ष होत आलं. आता जिना चढतेस, की अजून भावोजींनाच वर पिटाळतेस? भावोजींचा रक्तदाब आटोक्यात असेल. मागे माझ्या नाटकाला आले तेव्हा पहिल्या रांगेत ते इतके शांत झोपले होते, की त्यांच्याकडे बघून माझाही रक्तदाब उतरला. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द आमच्या धंद्यात कसा वापरतात, तेच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

तुला माहीत आहे, गेली कित्येक वर्षं मी एकाच नाटकात लंगड्या बापाचं काम करतो. बाप डाव्या पायाने लंगडतो. डाव्याच का, याला काही कारण नाही. पहिल्या तालमीला माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि माझी चाल बघून दिग्दर्शक म्हणाले, “हे छान आहे, ठेवा.” ते ठेवलं. डावा लंगडा म्हटल्यावर सगळा भार उजव्यावर. सेटवरचा लाकडी जिना चढायचा तो उजव्याच्या जोरावर, तिसऱ्या अंकात मुलीच्या पाया पडायला वाकायचं तेही उजव्यावर. म्हणजे इतकी वर्षं डाव्याने नुसता आराम करून टाळ्या घेतल्या आणि राबला उजवा. त्याने एक दिवस कुरकुर सुरू केली, यात मी त्याला दोष देत नाही. आधी जिन्यावर कळ यायची, मग सपाट जमिनीवर, मग प्रयोगानंतर गुडघा असा सुजायचा की पँट काढणं हा वेगळा प्रवेश होऊन बसला.

तू म्हणशील, मग सांगायचं नाही का कोणाला. ताई, आमच्या कंपनीत कोणी आजारी नसतं. नायकाचा घसा गेली दोन वर्षं खरखरतो, त्याला तो ‘भूमिकेची गरज’ म्हणतो. नायिकेला चक्कर येते तेव्हा ती खांबाला टेकून विचारात पडते, आणि समीक्षकांनी तिच्या त्या विचारात पडण्याचं कौतुक केलेलं आहे. खरं काय ते फक्त आमच्या रंगभूषाकाराला ठाऊक, कारण सगळ्यांची तोंडं रोज त्याच्या हातात असतात, पण तो बोलत नाही (त्यालाही मणक्याचं काहीतरी आहे असा माझा संशय आहे). या सगळ्याचं कारण एकच. प्रत्येक भूमिकेला एक बदली नट तयार असतो.

माझ्या बदलीला आम्ही ‘पार्सल’ म्हणतो. वय चाळिशीचं, दुसऱ्या अंकात दार वाजवून एक पार्सल देतो आणि जातो, एवढंच त्याचं काम. उरलेला वेळ तो विंगेत उभा राहून माझी वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणतो. मी वाक्य विसरलो तर त्याच्या ओठांकडे बघतो, इतका तो पक्का आहे. माणूस अतिशय सज्जन. रोज प्रयोगाआधी माझ्या खोलीत डोकावतो आणि विचारतो, “काका, तब्येत कशी आहे?” तो इतक्या कळकळीने विचारतो, की मला माझी जागा गेलीच असं वाटतं. मी म्हणतो, “एकदम मस्त,” आणि त्याच्या देखत उगीचच दोन बैठका मारतो. त्यात गुडघा आणखी जातो.

तेव्हा मी एक युक्ती केली. दिग्दर्शकांना न विचारता एका प्रयोगात पाय बदलला. उजव्याने लंगडायला लागलो (त्यात अभिनय काहीच नव्हता, इतकं सोपं काम मी आयुष्यात केलेलं नाही) आणि काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. पहिला अंक सुरेख गेला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या अंकात माझी मुलगी झालेली नटी सवयीने डावीकडून मला आधार द्यायला आली आणि तिने काठीचा हातच धरून वर उचलला. काठी हवेत, मी जमिनीवर, पडलो तो थेट उजव्या गुडघ्यावर. डोळ्यांसमोर काजवे चमकले. थिएटरमध्ये असा हशा उसळला, की विचारू नकोस. त्या जागी आजवर कधी कोणी खोकलंसुद्धा नव्हतं. पडदा पडल्यावर दिग्दर्शक धावत आत आले. मला वाटलं, हात द्यायला आले. ते म्हणाले, “हे छान आहे, ठेवा.” वर बजावलं, की पाय मात्र जुनाच राहू द्या, प्रेक्षकांना सवय आहे. तेव्हापासून मी दर प्रयोगाला डाव्या पायाने लंगडतो आणि उजव्या गुडघ्यावर पडतो.

मधे एका प्रयोगात नायकाचा आवाज पूर्ण बसला आणि ‘मी तुला सोडून जाणार नाही’ हे त्याला खुणेने सांगावं लागलं. तेव्हा कुठे निर्माते हलले. त्यांनी एका समुपदेशक बाईंना तालमीच्या हॉलवर बोलावलं. बाई शांत, हसतमुख. त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि म्हणाल्या, की इथे कोणी कोणाला जोखणार नाही, जे दुखतं-खुपतं ते मोकळेपणाने बोला. आता ताई, दहा नट गोल बसले आहेत आणि बोलायची पाळी एकेकाची येते आहे, यापुढे काय होणार ते तूसुद्धा सांगशील. नायिकेने इतक्या हलक्या आवाजात सुरुवात केली, की सगळे पुढे झुकले. नायकाने तिच्यावर मात करायला बालपण काढलं. विनोदी नटाने “माझं काहीच दुखत नाही” एवढंच म्हणून मान खाली घातली आणि असा काही विराम घेतला, की आम्ही बाकीचे जळून खाक झालो. मी तुझं आजारपण सांगितलं (रागावू नकोस, गुडघ्यांच्या जागी हृदय घातलं होतं). बाईंनी डोळे पुसले, रुमाल ठेवला आणि म्हणाल्या, “आता खरं बोलू या का?” कोणाला काही कळेना. नायिका अगदी दुखावल्या स्वरात म्हणाली, “मघाचं कुठे कमी पडलं?”

बाई मात्र हुशार. निघताना त्यांनी एका हाडांच्या डॉक्टरांचं नाव हळूच माझ्या कानात सांगितलं. म्हणजे कळा लपवण्याचा माझा अभिनय त्यांना पटला नव्हता. थोडं वाईट वाटलं, पण गेलो.

तिथे जे झालं ते तू भावोजींना सांगू नकोस. डॉक्टरांनी मला समोरच्या टोकाला उभं केलं, स्वतः खुर्चीत बसले आणि म्हणाले, चालून दाखवा. माणूस खुर्चीत बसून माझ्याकडे बघायला लागला की माझा डावा पाय आपोआप लंगडा होतो. माझ्या हातात काही राहत नाही. डॉक्टर एकटक बघत होते, मधे कुठे मोबाईलकडे नजर नाही. असा प्रेक्षक मिळाल्यावर मी जरा वळून पुन्हाही चाललो. मग त्यांनी डावा गुडघा दाबून माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या अपेक्षेने पाहिलं, की मी कळवळलो. डाव्या गुडघ्याचा फोटो काढला, तो निघाला विशीतल्या पोराचा असावा तसा. डॉक्टर बुचकळ्यात पडले. एवढी वेदना आणि हाडात काहीच नाही, तेव्हा दुखणं मनाचं असणार म्हणून त्यांनी मला परत समुपदेशक बाईंकडेच पाठवलं, आणि तोपर्यंत असू दे म्हणून डाव्या गुडघ्याला पट्टा दिला. तो मी इमानेइतबारे वापरला. लंगडणं फार छान व्हायचं त्याने.

शेवटी तुझ्या भावजयीच्या लक्षात आलं. म्हणाली, “अहो, घरात उजवा दुखतो आणि दवाखान्यात डावा? गुडघा फिरतीवर असतो का तुमचा?” दुसऱ्या खेपेला ती बरोबर आली. डॉक्टरांशी आत काहीतरी बोलली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, बाटलीतलं पाणी संपलंय, तेवढं भरून आणा. मी आपला बेसावध, कोपऱ्यातल्या नळापर्यंत गेलो आणि भिंत धरत परत आलो. दाराच्या फटीतून डॉक्टर बघत होते. माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रामाणिक काम मी पाण्याच्या बाटलीबरोबर केलं, आणि त्याला टाळी नाही.

निकाल असा, की उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. ऑपरेशन, आणि नंतर तीन महिने रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही. असाच पडत राहिलो तर काठी खरी घ्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आता तीन महिने बापाचं काम पार्सल करणार. तो ते उत्तम करणार, याबद्दल मला शंका नाही. भीती वाटते ती त्याचीच. मी परत येईन तेव्हा दुसऱ्या अंकात दार वाजवायला माझी नेमणूक झालेली असेल. पन्नाशी उलटल्यावर हातात पार्सल घेऊन उभं राहायचं, आणि या वयात दुसरं काही येत नाही मला, ताई. डॉक्टरांना सांगितलंय, विचार करून कळवतो. तर अशी इकडची हकिकत. काळजीचं काही कारण नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझा वॉकर आणि ती उंच खुर्ची कोणाला देऊन टाकली नाहीस ना? देऊ नकोस.

आणखी ता. क. – आता मुद्द्याचं. आमच्याकडे स्वतःच्या आजारपणाला रजा घेतली तर माणूस संपला म्हणतात, पण मोठ्या बहिणीच्या सेवेसाठी घेतली तर देवमाणूस म्हणतात आणि त्याची जागा राखून ठेवतात. म्हणून निर्मात्यांना मी सांगितलंय, की तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. (होतंच की. कधी, ते त्यांनी विचारलं नाही.) ते चौकशीला फोन करतील. थोडं कण्ह. फार नको, फोनवर खोटं वाटतं. आणि भावोजींना फोन घेऊ देऊ नकोस, ते ‘कुठलं ऑपरेशन?’ म्हणतील. ऑपरेशन तिकडेच करून तीन महिने तुझ्या खालच्या खोलीत राहीन म्हणतो.

शेवटचा ता. क. – पाकीट चिकटवणार तेवढ्यात पार्सल घरी आला, संत्री घेऊन. खुर्चीत बसायला त्याला इतका वेळ लागला, की तुझी भावजय आतूनच म्हणाली, “कंबर का हो?” त्याचा चेहरा उतरला. सेटचं सामान ट्रकमध्ये चढवायचं कामही त्याच्याकडेच असतं, त्यात कंबर गेली आहे, आणि दुसऱ्या अंकातलं पार्सल रिकामं असतं म्हणून तो निभावतो आहे. माझ्या रजेचं कानावर आलं म्हणून आला होता. हात जोडून म्हणाला, “काका, रजा घेऊ नका हो. ते पडणं मला नाही जमायचं, आणि नाही म्हटलं तर माझं आहे तेही जाईल.” म्हणजे इतके दिवस तो माझी तब्येत खरोखरच विचारत होता.

संत्री खाऊन असं ठरलं, की उद्या दोघांनी मिळून निर्मात्यांना खरं ते सांगायचं. दोघंही एकदम घरी बसलो तर बदलीला कोणी उरत नाही, नाटकच तीन महिने थांबेल, आणि थांबलेल्या नाटकात कोणाची जागा जात नाही. नायकाच्या घशालाही बरं. तेव्हा तुला कण्हायची गरज नाही. खालच्या खोलीत मात्र दोन खाटा टाक, त्याला एकट्याने राहणं झेपणार नाही.

तरीही फोन आलाच तर कण्ह. खरं सांगण्याची आम्हा दोघांची ही पहिलीच वेळ, आणि तालीम झालेली नाही.